घोडा आणि स्वार: चित्रकाराने पहिले शिल्प कसे घडवावे

अमेरिकेच्या पश्चिमेकडील काउबॉय आणि घोडदळ रंगवणारा फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१–१९०९) दहा वर्षे नियतकालिकांसाठी घोडे काढत होता. त्यानंतर न्यू रॉशेलमध्ये फ्रेडरिक रकस्टल या शिल्पकाराला अश्वारूढ पुतळ्यावर काम करताना त्याने पाहिले आणि १८९५ मध्ये ‘ब्राँको बस्टर’ हे पहिलेच ब्राँझ घडवले, ज्यात मागच्या दोन पायांवर उधळलेला घोडा आणि त्याला आवरणारा स्वार आहे. चित्रकलेकडून शिल्पाकडे वळू पाहणाऱ्या नाशिकच्या विद्यार्थ्याने हाच क्रम पाळावा, म्हणजे आधी एकाच प्राण्याची पुष्कळ रेखाटने करावीत आणि मगच माती हातात घ्यावी.

रेखाटनासाठी येवल्याचा मंगळवारचा घोडेबाजार सोयीचा आहे. मालकाची परवानगी घ्यावी आणि पूर्ण घोडा काढण्याच्या भानगडीत न पडता मान खांद्याला कुठे मिळते, वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना पुठ्ठा (मागचा मांसल भाग) कसा कलतो, एवढेच टिपावे. मापासाठी घोड्याच्या डोक्याची लांबी हा एकक धरावा. खांद्यापाशी उंची आणि धडाची लांबी साधारण अडीच डोकी भरते. दौडणाऱ्या घोड्याच्या चारही टापा जमिनीवरून सुटतात त्या पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, फाकलेले असताना नव्हे, हे छायाचित्रकार मायब्रिजच्या १८७८ च्या छायाचित्रांनी दाखवले. ती समोर ठेवावीत.

पहिले शिल्प ३० सेंटिमीटरपेक्षा मोठे करू नये. फळीवर लोखंडी सळई उभी करून ती घोड्याच्या कुशीतून धडात शिरेल अशी वाकवावी. सगळे वजन तिने पेलायचे असते, पायांनी नव्हे. पायांना ॲल्युमिनियमची तार पुरते आणि ती शेवटपर्यंत वाकवता येते. माती कोणती, या प्रश्नावर माझे मत ठाम आहे. गणपतीसाठी उत्तम असलेली शाडू इथे घात करते, कारण वाळताना ती आकसते आणि आतली तार आकसत नाही. माझ्या पहिल्या घोड्याचे चारही पाय तिसऱ्या दिवशी गुडघ्यापाशी तडकले होते. त्याऐवजी तेलमाती (तेलात मळलेली, न वाळणारी माती) किंवा मधमाशीचे मेण घ्यावे. मोंटानात रात्री गुरे राखून दिवसा चित्रे काढणारा चार्ल्स रसेल (१८६४–१९२६) खिशात मेणाचा गोळा बाळगत असे आणि गप्पा मारता मारता बोटांनी प्राणी घडवत असे.

काम चालू असताना शिल्प खिडकीसमोर ठेवून फक्त काळी आकृती पाहावी आणि थोडे थोडे फिरवत राहावे. चित्रकाराची हटकून होणारी चूक इथेच उघडी पडते: एका बाजूने डौलदार दिसणारा घोडा समोरून पाहिला की फळीसारखा चपटा असतो. छाती आणि पुठ्ठे भरेपर्यंत खोगीर, लगाम, आयाळ यांना हात लावू नये.

शिल्प ब्राँझमध्ये ओतण्याची घाई नको. रेमिंग्टनची सुरुवातीची शिल्पे वाळूच्या साच्यात ओतली गेली. १९०० पासून तो रोमन ब्राँझ वर्क्स या न्यूयॉर्कच्या ओतशाळेत मेणाच्या प्रतीभोवती साचा करून, मेण वितळवून काढून त्या जागी धातू ओतण्याच्या पद्धतीकडे वळला. तिच्यात प्रत्येक प्रतीचे मेण ओतण्यापूर्वी पुन्हा कोरता येत असल्याने त्याच्या प्रतींमध्ये बारीक फरक सापडतात. १९०२ च्या ‘कमिंग थ्रू द राय’मध्ये चार घोड्यांच्या सोळा टापांपैकी सहाच जमिनीला टेकतात, असे धाडस या पद्धतीमुळे सोपे झाले. आपणही रबरी साच्यातून निघालेली मेणाची प्रत स्वतः तपासून दुरुस्त करावी आणि मगच कारखान्यात सोडावी. थंड होताना ब्राँझ थोडे आकसते, म्हणून नेमके माप हवे असल्यास मूळ शिल्प किंचित मोठे करावे.

ओतकामाचा दर ठरवताना वेल्डिंग, घासकाम आणि पॅटिना (धातूवर रसायनांनी चढवलेला रंग) त्यात धरले आहेत का, हे लेखी घ्यावे. एकूण किती प्रती काढणार तो आकडा पहिल्या विक्रीआधी ठरवावा आणि प्रत्येक प्रतीवर तिचा क्रमांक व सही मेणातच कोरावी, कारण धातूवर नंतर कोरलेली सही ओबडधोबड दिसते.