एपीआय एकदाच लिहा, डॉक्युमेंटेशन आणि क्लायंट कोड टूलला लिहू द्या

हिंजवडीत बसा नाहीतर बाणेरला, बॅकएंड (सर्व्हरचा कोड) आणि फ्रंटएंडवाल्यांचं (दिसणारी पानं बनवणाऱ्यांचं) भांडण सगळीकडे तेच, "फील्डचं नाव बदललंस तर सांगायचं ना राव". मग कोणीतरी एपीआयच्या, म्हणजे फ्रंटएंडने सर्व्हरला काय विचारायचं आणि परत काय मिळणार याच्या, लिस्टची एक शीट बनवतं, आठवडाभर सगळे उत्साहाने भरतात आणि नंतर ती कोणी उघडतसुद्धा नाही. यावर उपाय एवढाच की माहिती एकाच ठिकाणी लिहायची, कोडमध्ये, आणि बाकी सगळं तिथून जनरेट करायचं.

उदाहरण आपल्या पेठांमधलंच घेऊ. सदाशिव पेठेतली एमपीएससीची पोरं मेस लावतात, गावाला जाताना मेसच्या काकूंना फोन करून खाडा (त्या वेळी जेवायला नाही) सांगतात आणि महिनाअखेरीला किती खाडे धरले यावरून वाद. तर खाडा टाकायचं छोटं वेब ॲप. मी इथे एपीआय लिहायचं पायथनचं फ्रेमवर्क फास्टएपीआय धरतोय कारण त्यात सगळ्यात कमी कटकट आहे, पण तुमचं जँगो रेस्ट फ्रेमवर्क असेल तर डीआरएफ-स्पेक्टॅक्युलर, स्प्रिंग बूट असेल तर स्प्रिंगडॉक, काम तेच करतात.

आधी पायडँटिकचं (डेटा तपासणारी पायथन लायब्ररी) मॉडेल लिहा: मेंबर आयडी, तारीख, वेळ, कारण. वेळ हे फील्ड साधं स्ट्रिंग ठेवू नका, ईनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) करा, सकाळ किंवा संध्याकाळ. मग एंडपॉइंटचं (ज्या यूआरएलवर रिक्वेस्ट येणार त्याचं) फंक्शन लिहा आणि रिस्पॉन्स मॉडेल, म्हणजे उत्तराचा साचा, न विसरता द्या, नाहीतर परत काय येणार हे डॉक्सला कळणारच कसं. सर्व्हर चालू करून यूआरएलच्या शेवटी स्लॅश डॉक्स टाका, स्वॅगरचं, म्हणजे एपीआयची माहिती दाखवणारं, पान तयार, तिथूनच रिक्वेस्ट मारून बघता येते, आणि कोणी वेळेत "दुपार" पाठवलं तर ४२२ एरर आपोआप मिळते, त्यासाठी तुम्ही एक ओळ लिहिलेली नसते. या सगळ्याच्या मागे ओपनएपीआय डॉट जेसन नावाची एक फाइल असते, सगळ्या एपीआयचं वर्णन तिच्यात, खरी मालमत्ता ती. जुन्या लोकांच्या तोंडी अजून स्वॅगर फाइलच असते, कारण २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे जाईपर्यंत या स्पेसिफिकेशनचं नाव तेच होतं.

पण पान दिसलं म्हणजे डॉक्युमेंटेशन झालं असं समजू नका. टूलला फील्ड कळतात, मेसचे नियम कळत नाहीत. रात्री दहानंतर सांगितलेला खाडा दुसऱ्या दिवशी सकाळसाठी धरायचा नाही कारण काकूंनी भाजी आणून ठेवलेली असते, हे माणसानेच लिहायला लागतं. ते फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेल्या वर्णनात) लिहा, तिथून ते डॉक्सच्या पानावर आपोआप जातं. दोन-तीन ओळी पुरतात.

आता क्लायंट कोड, म्हणजे फ्रंटएंडकडून एपीआयला हाक मारणारा कोड. ओपनएपीआय जनरेटर घ्या, हा २०१८ मध्ये स्वॅगर कोडजेनपासून फुटून निघालेला प्रोजेक्ट. एनपीएमने टाकला तरी आतून जावाच लागतं हे आधीच सांगतो, मशीनवर जावा नको असेल तर डॉकर इमेज वापरा. कमांडला तीन गोष्टी द्यायच्या, डॅश आय (-i) नंतर जेसन फाइल, डॅश जी (-g) नंतर टाइपस्क्रिप्ट-ॲक्सिऑस (कुठल्या प्रकारचा क्लायंट हवा ते), डॅश ओ (-o) नंतर फोल्डर. झालं, फ्रंटएंडला टाइप्ससकट क्लायंट मिळाला आणि आता तिकडे कोणी "दुपार" लिहिलं तर ब्राउझरपर्यंत जायच्या आधीच एडिटर लाल रेघ मारतो.

इथे दोन गोष्टी आधीच नीट करा. फास्टएपीआय ऑपरेशन आयडी (प्रत्येक एंडपॉइंटचं नाव, त्यावरूनच क्लायंटमधल्या मेथडचं नाव ठरतं) स्वतः बनवताना फंक्शनचं नाव, पाथ आणि मेथड सगळं चिकटवतं, त्यामुळे क्लायंटमध्ये खाडाटाकाखाडेपोस्ट असलं लांबलचक नाव येतं, म्हणून ऑपरेशन आयडी हाताने द्या. आणि प्रत्येक एंडपॉइंटला टॅग द्या, नाहीतर सगळ्या मेथड डीफॉल्ट एपीआय नावाच्या एकाच क्लासमध्ये कोंबल्या जातात. नंतर बदलायला गेलात तर फ्रंटएंडमधली प्रत्येक कॉल बदलावी लागते.

जनरेट झालेल्या फोल्डरला हात लावायचा नाही. म्हणजे अजिबात नाही. पुढच्या वेळी कमांड चालली की तुमचा बदल गेला, कोणाला कळणारही नाही. काही वेगळं हवं असेल तर बाहेर रॅपर (तो कोड वापरणारा तुमचा वेगळा कोड) लिहा, आणि एखादी फाइल टूलने परत लिहूच नये असं वाटत असेल तर त्याची इग्नोर फाइल असते, त्यात तिचं नाव टाका. रेल्सच्या (रूबीचं वेब फ्रेमवर्क) स्कॅफोल्डचं मात्र उलटं आहे बरं का, तो मॉडेल, मायग्रेशन, कंट्रोलर, व्ह्यू सगळं एकदा बनवून देतो आणि तिथून पुढे तो कोड तुमचा, हवा तसा फोडा. कुठलंही टूल घेताना ते एकदा चालवायचंय की सारखं सारखं, हे आधी विचारा.

एआयला सांगितलं तर तोही क्लायंट लिहून देतो, मान्य, पण आज एक लिहील आणि उद्या दुसरंच, आणि जनरेटरचं व्हर्जन पक्कं ठेवलं तर त्याच फाइलमधून तोच कोड येतो. एआयकडून डॉकस्ट्रिंगचा कच्चा मसुदा घ्या, नियम स्वतः तपासा.

शेवटचं काम सीआयमध्ये, म्हणजे कोड टाकला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत. सर्व्हर न चालवताही ॲपच्या ओपनएपीआय फंक्शनमधून जेसन काढता येतं, छोटी स्क्रिप्ट लिहा, क्लायंट परत जनरेट करा आणि गिट डिफमध्ये फरक दिसला तर बिल्ड पाडा. पुल रिक्वेस्टमध्ये कोणी फील्डचं नाव गुपचूप बदललं तर तिथेच लाल होतं. आणि लाइव्ह सर्व्हरवर बाहेरच्यांना डॉक्स दाखवायचे नसतील तर फास्टएपीआयची ओपनएपीआय यूआरएल ही सेटिंग नन (None, म्हणजे काहीच नाही) करून टाका, डॉक्सची पानंही त्यासोबत बंद होतात आणि स्क्रिप्टचं काही अडत नाही.