शाळा उघडायच्या आत: सीमाभागातल्या सहावी-सातवी-आठवीच्या पालकांसाठी

मुलांचा मामा चंदगडला आणि आपण बेळगावात, म्हणजे मे महिन्यात घरात एक रडारड ठरलेली. तिकडच्या पोरांची सुट्टी कुठे रंगात येत असते, आणि इकडे शाळेच्या ग्रुपवर मेसेज येऊन पडतो. आपल्या कर्नाटकात शाळा एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास सुटते आणि मेच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत उघडते. महाराष्ट्रात त्याला जूनचा मध्य उजाडतो. पुढे दसरा-दिवाळीतही तेच. लांब सुट्टी आपल्याला दसऱ्यात, त्यांना दिवाळीत.

म्हणून पहिलं काम कॅलेंडरचं. आपल्या भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर बहुतेक पुण्या-मुंबईत छापलेलं असतं, त्यातल्या शाळेच्या सुट्ट्या आपल्या नव्हेत. शाळेकडून वर्षाचं वेळापत्रक मिळालं की त्यातल्या तारखा लाल पेनानं त्याच कॅलेंडरवर उतरवून घ्या. शाळा उघडण्याचा दिवस, दसऱ्याची सुट्टी, आणि सहा परीक्षांचे महिने. आपल्याकडे चार एफए (अधूनमधूनच्या छोट्या चाचण्या) आणि दोन एसए (सत्राच्या शेवटच्या मोठ्या परीक्षा) असतात. पहिली एफए पावसाळ्यातच येऊन ठेपते, तेव्हा ‘अजून पुस्तकंच मिळाली नाहीत’ हे कारण फार दिवस पुरत नाही. पावण्यांकडचं लग्न, वास्तुशांत, जत्रा हेसुद्धा त्याच कॅलेंडरवर मांडा, म्हणजे काय कशावर आदळतंय ते दिसतं.

कागदांची एक पिशवी करा

हे काम शाळा उघडल्यावर नाही, उघडायच्या पंधरा दिवस आधी करायचं. एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये जन्मदाखला, मुलाचं आणि आई-वडिलांचं आधार, रेशन कार्ड, बँक किंवा पोस्टाच्या खात्याचं पासबुक, जातीचा-उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षीचं प्रगतिपत्रक आणि चार फोटो. त्यावर एक कोरा कागद चिकटवून मुलाचा एसएटीएस नंबर मोठ्या अक्षरात लिहा. एसएटीएस म्हणजे कर्नाटकच्या शिक्षण खात्याची कॉम्प्युटरवरची विद्यार्थी-नोंद; तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला हा नंबर असतो आणि प्रवेश, दाखला, शिष्यवृत्ती सगळीकडे तोच विचारतात. नव्यानं आलेला बारा अंकी ‘अपार’ नंबर वेगळा. त्यासाठी पालकाच्या संमतीपत्रावर सही लागते.

आता सगळ्यात वेळखाऊ गोष्ट: नाव. एका संध्याकाळी सगळे कागद जमिनीवर ओळीनं मांडा आणि प्रत्येकावरचं मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख बोट ठेवून वाचा. आपल्याकडे बाळंतपण माहेरी होतं, माहेर गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला, म्हणून जन्मदाखला महाराष्ट्रातला, मराठीत. आधार इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. शाळेचं रजिस्टर कुणीतरी ऐकून लिहिलेलं. एकच नाव तीन लिप्यांतून फिरून येतं तेव्हा कुठेतरी वेलांटी निसटते, कुठे आडनाव पुढे येतं, कुठे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर उरतं.

माझ्या मुलीच्या बाबतीत आधारवर आडनाव शेवटी होतं, शाळेत सुरुवातीला, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘एच’ जास्त. सहावीत असताना आम्ही म्हटलं, एका अक्षरानं काय होतंय. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कॉम्प्युटरनं नाव जुळत नाही म्हणून तो परत टाकला, आणि त्या वर्षीची मुदत गेली ती गेलीच. शाळेतले क्लार्क म्हणाले, ‘अहो, आधी सांगायचं.’ आधी सांगायचं म्हणजे कधी, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तर आता मी सांगते: सहावीतच. दहावीची मार्कलिस्ट शाळेच्या रजिस्टरवरून छापली जाते, आणि एकदा छापली की दुरुस्तीच्या फेऱ्या कितीतरी पटीनं वाढतात. जन्मदाखला बरोबर असेल तर तो मूळ धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. मूल पाच वर्षांचं झाल्यावर आधारसाठी बोटांचे ठसे दिले होते का, तेही बघा. राहून गेलं असेल तर त्याच फेरीत उरकून टाका.

अर्ज कन्नडमध्ये असतो, घाबरू नका

मराठी माध्यमाच्या शाळेतही बरेच छापील अर्ज कन्नडमध्येच येतात. आठ-दहा शब्द ओळखता आले की अर्धं काम होतं. ‘हेसरु’ म्हणजे नाव, ‘तंदे’ वडील, ‘तायी’ आई, ‘हुट्टिद दिनांक’ जन्मतारीख, ‘विळास’ पत्ता, ‘तरगति’ इयत्ता, ‘आदाय’ उत्पन्न, ‘वर्गावणे’ बदली. ‘जाती’ आणि ‘सही’ तर आपलेच. माझ्या सासूबाईंनी हे शब्द मुलीकडून कन्नड आणि मराठी दोन्ही अक्षरांत लिहून घेतले आणि पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले. आता त्या कुणाचीही वाट न बघता रेशनचा अर्जसुद्धा वाचतात.

मुलालाच अर्ज वाचायला बसवा. त्याला शाळेत कन्नड आहेच, २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर तर ते कुठल्याच शाळेत टळत नाही. भाषेचं राजकारण मोठ्यांचं; सहावीतल्या पोराला बसची पाटी वाचता आली पाहिजे. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, क-ख-ग-घ. सुट्टीतले पंधरा दिवस रोज दोन दुकानांच्या पाट्या वाचल्या तरी अक्षरं बसतात. ज्याला अक्षरं येतात त्याला जूनमध्ये कन्नडच्या तासाला धडकी भरत नाही.

सातवी संपली असेल तर

गावातल्या पुष्कळ शाळा सातवीपर्यंतच. आठवीला हायस्कूल, म्हणजे दाखला काढणं आलं. जुनी शाळा कॉम्प्युटरवर मुलाला सोडते आणि नवी शाळा घेते, तेव्हाच एसएटीएसवरची बदली पुरी होते. हातात कागद आला म्हणून निर्धास्त राहू नका. ‘एसएटीएसवर नाव चढलं का?’ हे नव्या शाळेत आठवड्यानं जाऊन विचारा. नाही चढलं तर पुस्तकं, शिष्यवृत्ती सगळं अडकतं.

दाखल्याला उशीर होतोय म्हणून कुणी प्रवेश नाकारत असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं पाचवं कलम लक्षात ठेवा. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही, ते चौदावं कलम. शांतपणे एवढं सांगा. तरी काम झालं नाही तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आपल्या जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणी, अथणी, रायबागवाल्यांनी वरच्या कामासाठी बेळगावची बस पकडायच्या आधी हे आठवावं. मूल सीमेपलीकडे, शिनोळी किंवा चंदगडच्या शाळेत घालणार असाल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिसही लागते का, हे दोन्ही शाळांत आधीच विचारून घ्या.

नाडकचेरी आणि शिष्यवृत्ती

जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत मिळतो. जूनमध्ये तिथे जत्रा असते, मे महिन्यात जा. जुना दाखला असेल तर त्यावरची तारीख बघा. बहुतेक मागास प्रवर्गांना तो पाच वर्षांनी नवा करावा लागतो. दाखल्यावरचा ‘आरडी’नं सुरू होणारा नंबर शिष्यवृत्तीच्या अर्जात भरायचा असतो. महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथे चालत नाही, आणि प्रवर्गही वेगळे. मराठा समाज कर्नाटकात ‘३ ब’ मध्ये येतो. कोल्हापूरच्या भावाचं ऐकून अर्ज भरला तर तो चुकलाच म्हणून समजा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात, म्हणून खातं जोडलेलं आहे का हे बँकेत विचारून घ्या.

आठवीतल्या मुलासाठी आणखी एक परीक्षा आहे, एनएमएमएस, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या, सातवीत किमान ५५ टक्के मिळवलेल्या आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांना ती देता येते (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत). निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. शाळेनं आपणहून सांगितलं तर उत्तम, नाहीतर जूनमध्येच वर्गशिक्षकांच्या कानावर घालून ठेवा. बुद्धिमत्तेचे प्रश्न सवयीनं सुटतात, ऐन वेळी नाही.

बस

मुलींसाठी सोपं आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार जवळ हवं आणि कंडक्टरकडून शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचं. महाराष्ट्राच्या एसटीत ही योजना नाही, त्यामुळे पाटी वाचून चढायला शिकवा. मुलग्यांना पास काढावा लागतो, अर्ज सेवा सिंधू पोर्टलवर. पास हातात येईपर्यंतच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढून ठेवा.

पुस्तकं, दप्तर, पाऊस

गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात वह्या घ्यायला जाल तेव्हा एक चूक टाळा. कोल्हापूरहून कुणी ‘बालभारती’ची पुस्तकं नाहीतर त्यावरचं गाईड आणून दिलं तर आभार माना आणि कपाटात ठेवा. आपल्या मराठी माध्यमाची पुस्तकं बेंगळूरच्या कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीची, धडे वेगळे, क्रम वेगळा. सरकारी आणि अनुदानित शाळेत ती फुकट मिळतात. मराठी माध्यमाची पुस्तकं यायला कधीकधी उशीर होतो, तोवर सोसायटीच्या वेबसाईटवरून पीडीएफ उतरवून पहिले दोन धडे छापून घ्या. अख्खं पुस्तक छापू नका, पैसे वाया.

दप्तराचं वजन करायचं असेल तर ओळखीच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवा. सहावी ते आठवीसाठी कर्नाटक सरकारनं २०१९ मध्ये तीन ते चार किलोंची मर्यादा घातली आहे. माझ्या मुलीचं दप्तर पाच किलो सातशे भरलं. दुकानदार हसून म्हणाला, ‘साखर आहे काय?’ उघडलं तर आत गेल्या वर्षीचा नकाशासंग्रह, दोन रिकाम्या बाटल्या, नदीकाठचे तीन गोटे आणि एक जुनी सँडल. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दप्तराविना शाळा भरवायची असंही ठरलेलं आहे. तुमच्या शाळेत ते पाळतात का, पालक सभेत विचारा.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांना पावसाचं मी काय सांगायचं. बाकीच्यांसाठी एवढंच: छत्रीपेक्षा रेनकोट, कारण सायकल आणि वारा दोन्ही छत्रीचे वैरी. बुटांऐवजी पावसाळ्यात प्लास्टिकच्या सँडल चालतात का ते शाळेला विचारा. गणवेशाचा दुसरा जोड हवाच, जुलैत कापड दोन-दोन दिवस वाळत नाही. पुस्तकांना खाकी कव्हर घालून दप्तरात वर एक दुधाची धुतलेली पिशवी ठेवली की झालं.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी शाळेत प्रारंभोत्सव असतो, तोरण बांधतात, माध्यान्ह आहारात गोड करतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुस्तकांचं वाटप बरेचदा तेव्हाच सुरू होतं. दूध, नाचणीचं माल्ट, अंडं किंवा केळं यातलं मूल काय खातं, काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, हे वर्गशिक्षकांना कागदावर लिहून द्या. आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती उपाशीपोटी नको. मुलींशी घरात पाळीविषयी बोलून ठेवा. सरकारी शाळेत शुची योजनेचे पॅड मिळतात, पण ते मागायला धीर लागतो.

पालक सभेला आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या बैठकीला बापानंही जावं. वर्षाच्या कार्यक्रमांत प्रतिभा कारंजीची तारीख विचारून घ्या. कंठपाठ, कथाकथन, भक्तिगीत, मातीकाम, वेशभूषा असं बरंच काही त्यात असतं, आणि आधी क्लस्टर, मग तालुका, मग जिल्हा अशी वर जाणारी चढण. बुजरं मूल मातीकामात हात घालतं, बोलकं कथाकथनात. आपल्याला आवडतं ते त्याच्या गळ्यात घालू नका.

शेवटी पावसाच्या सुट्टीचं. दूधगंगा-वेदगंगेला पाणी चढून कारदगा-भोज, जत्राट-भिवशीसारखे खालचे पूल बुडाले की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, बरेचदा रात्री उशिरा. ती सगळ्या जिल्ह्याला असतेच असं नाही. ग्रुपवर ‘उद्या सुट्टी’ आलं की आधी तारीख बघा, कारण गेल्या वर्षीचा मेसेज दर पावसाळ्यात पुन्हा फिरतो. मग तालुक्याचं नाव बघा. आणि मुख्याध्यापकांचा स्वतःचा मेसेज आल्याशिवाय डबा भरायचं थांबवू नका. बुडालेले दिवस पुढे शनिवारी दुपारी भरून काढतात, तेव्हा त्या शनिवारी मामाकडे जायचा बेत करू नका.