घरात काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये चेहरा काळा, हिरवट किंवा हललेला येतो? या चुका टाळा

मे महिन्याची भर दुपार, नागपुरातली बैठकीची खोली. एका खिडकीत कुलर, दुसरीवर ऊन अडवायला जाड पडदा, गॅलरीला हिरवी जाळी आणि वर ट्यूबलाइट चालू. डोळ्यांना खोलीत चांगला उजेड वाटतो. फोटोत मात्र कपाळ निळसर, गाल हिरवट आणि डोळ्यांखाली खड्डे दिसतात. ‘उजेड कमी पडला’ म्हणून मग आणखी एक दिवा लावला जातो आणि फोटो आणखी बिघडतो. त्या खोलीत आधीच चार ठिकाणांहून उजेड येतोय, आधी बंदोबस्त त्याचा करायला हवा.

आधी दिवे बंद करा

घरातली पांढरी ट्यूब किंवा एलईडी साधारण ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका उजेड निळसर) असते, पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा. खिडकीतला उजेड दिवसभर बदलत राहतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात केलेली रंगाची जुळवणी, यांपैकी एकाच उजेडाला जुळवता येतो. ट्यूबला जुळवला की बल्बच्या बाजूचा गाल केशरी होतो, बल्बला जुळवला की खिडकीची बाजू निळी पडते. नंतर सॉफ्टवेअरमध्ये एका गालाचा रंग सुधारताना दुसरा बिघडतो. म्हणून खिडकी वापरायची असेल तर खोलीतला एकूण एक दिवा बंद करा, देवघरातला मिणमिणता झिरो बल्बसुद्धा.

हिरव्या जाळीचं दुखणं वेगळं आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे सिग्नलवर बांधतात तसलीच जाळी गॅलरीला असेल, तर तिच्यातून गाळून येणारा उजेडच हिरवट असतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स तो पूर्णपणे काढत नाही. शूटपुरती जाळी बाजूला सारा. ते जमत नसेल तर चेहऱ्याजवळ ग्रे कार्ड (रंगछटा नसलेलं करडं कार्ड) धरून, त्याचा फोटो घेऊन कस्टम व्हाइट बॅलन्स जुळवा. ग्रे कार्डाऐवजी झेरॉक्सचा कागद चालवून घेतात, पण त्यात निळसर चमक आणणारं रसायन असल्याने रंग थोडा फसतो. गडद निळ्या-हिरव्या भिंतीजवळ बसवलं तरी भिंतीकडच्या गालावर तोच रंग चढतो. अशा भिंतीपासून माणूस निदान ४-५ फूट दूर हवा. मागे सावली चिकटत नाही, हा वरचा फायदा.

रात्री ट्यूबखालीच काढायची वेळ आली, तर सगळे दिवे एकाच रंगाचे ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर (सेन्सरवर उजेड पडायचा वेळ) १/२५० किंवा १/५०० सेकंद ठेवलं की एक फोटो उजळ, पुढचा काळपट आणि तिसऱ्यात आडवे पट्टे, असा प्रकार होतो. १/५० किंवा १/१०० वर हे बरंच थांबतं. सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर मात्र बंद ठेवा, पट्टे त्यात सर्वांत जास्त येतात.

खिडकी आहे, पण माणूस चुकीच्या जागी

सर्वांत जास्त फोटो इथे फुकट जातात. खिडकीला पाठ करून बसवलं की कॅमेरा मागचा लख्ख उजेड मोजतो आणि चेहरा काळा पडतो. अगदी समोर तोंड करून बसवलं की चेहरा पापडासारखा सपाट दिसतो. माणसाला खिडकीपासून ३-४ फुटांवर बसवा आणि खिडकी त्याच्या चेहऱ्याच्या साधारण ४५ अंशांवर येईल असं वळवा. नाकाची सावली गालावर तिरकी पडली आणि दोन्ही डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका दिसला, की जागा जमली.

छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं). मोठ्या खिडकीजवळ तो इतक्या झपाट्याने घटत नाही, पण लांब गेलात की जवळजवळ हाच हिशेब लागतो. शिवाय लांबून तीच खिडकी चेहऱ्याच्या मानाने लहान ठरते आणि सावल्यांच्या कडा कडक होतात. सावलीची बाजू फारच काळी वाटली, तर त्या बाजूला २ बाय ३ फुटांची थर्माकोलची शीट चेहऱ्यापासून दोन-अडीच फुटांवर उभी करा. काळी बाजू उजळायला दुसरा दिवा लावणं ही जुनी खोड आहे, त्याने नाकाच्या दोन सावल्या पडतात.

ऋतू बघून खिडकी निवडावी लागते. नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन खोलीत आतवर येतं. तेव्हा खिडकीवर स्वच्छ पांढऱ्या धोतराचा एक पदर ताणून बांधा. एक-दोन स्टॉप उजेड जातो, पण जो उरतो तो मऊ असतो. पिवळट पडलेलं धोतर नको, चेहरा कावीळ झाल्यासारखा येतो. मेच्या शेवटी मध्यान्हीला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. खिडकीतून ऊन येत नाही, पण गॅलरीच्या फरशीवर आपटून उजेड खालून वर येतो आणि हनुवटी, नाकपुड्या उजळतात. त्यावर उपाय म्हणजे फरशीवर गडद सतरंजी अंथरा आणि खिडकीचा खालचा भाग चादरीने झाका.

मीटर सांगेल तसं करू नका

कॅमेऱ्याचा मीटर (उजेड मोजणारी यंत्रणा) समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरा कुर्ता आणि पांढरी भिंत असेल तर तो फोटो काळपट करतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) +१ द्या. काळा शर्ट आणि गडद पडदा असेल तर चेहरा जळतो, तिथे -०.७ पुरतं. त्याहून बरी रीत म्हणजे मॅन्युअल मोड. खिडकीजवळ एफ २.८ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर १/१२५ आणि आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) ८०० पासून सुरुवात करा, स्पॉट मीटरिंगने, म्हणजे फक्त छोट्या भागाचा उजेड मोजून, उजेडाकडचा गाल मोजा. गोरा रंग असेल तर मीटरच्या शून्यापेक्षा एक स्टॉप वर, गव्हाळ असेल तर अर्धा स्टॉप वर, सावळा असेल तर शून्यावर किंवा किंचित खाली. सावळ्या माणसाला ‘उजळ’ करायचा मोह आवरा, कातडीचा पोत त्यातच जातो. पावसाळ्यात ढग सरकतात, तेव्हा दर पाच-सहा फोटोंनंतर गाल पुन्हा मोजा.

लाल शालू किंवा पैठणी असेल तर आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा यांचा उजेड वेगवेगळा दाखवणारा आलेख) बघा. साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल चॅनल उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि साडीच्या चुण्या, बुट्ट्या दिसेनाशा होतात. एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप खाली आणा. स्क्रीनवरच्या चित्रावर विसंबू नका, अंधाऱ्या खोलीत ते आहे त्यापेक्षा उजळच वाटतं.

हललेले आणि धूसर फोटो

नॉइजच्या (फोटोतल्या दाण्यांच्या) भीतीने आयएसओ ४०० वर अडून बसायचं आणि शटर १/३० ला न्यायचं, ही नवशिक्यांची हमखास चूक. नॉइज कमी करता येतो, हललेला डोळा दुरुस्त होत नाही. शांत बसलेल्या मोठ्या माणसाला १/१२५, लहान मुलाला १/२५० हवं, त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० झाला तरी होऊ द्या. लेन्सचं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरच्याची मान नाही. कुलर दोन मिनिटं बंद करा, केस आणि ओढणी स्थिर राहतात. घाम आला तर रुमालाने टिपून घ्या. कपाळाची चकाकी एक्स्पोजर कमी करून जात नाही.

एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० एमएम लेन्स, एफ १.८ आणि ४ फूट अंतर, एवढ्यात धारदार (स्पष्ट दिसणारा) पट्टा जेमतेम ४ सेंटिमीटरचा मिळतो. मान वळवली की लांबचा डोळा धूसर. एकट्यासाठी एफ २.८, आजी-नातवासाठी एफ ४ किंवा एफ ५.६ घ्या आणि दोघांचे डोळे एकाच रेषेत आणा.

फ्लॅश लावलाच तर

सरळ तोंडावर मारू नका. पांढऱ्या छताकडे वळवा, पण अगदी उभा मारला तर डोळ्यांत खड्डे पडतात. तुमच्या मागच्या बाजूची पांढरी भिंत त्याहून बरी. लाकडी किंवा रंगीत फॉल सीलिंगवर मारलात तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला, तर शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत वेगवान शटरच्या) पुढे गेलंय. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० असतो. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा, म्हणजे खोलीचा उजेड किती येतोय ते कळतं. पुढे तो शटरने कमी-जास्त करा आणि फ्लॅशची पॉवर वेगळी बदला.

चष्म्यावर चमक येत असेल तर दिवा वर चढवा आणि हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. तरीही भागलं नाही, तर चष्म्याच्या काड्या कानांवरून अर्धा सेंटिमीटर उचला, काच खाली झुकते आणि चमक चेहऱ्याबाहेर निघून जाते.