सव्वा महिन्याचं बाळ घेऊन मुंबईत येताना

सव्वा महिना झाला, माहेरी ओटी भरली, बाळाला कुंची चढवली, रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी मुंबई. भांडुपला आमच्या बिल्डिंगमध्ये दरवर्षी असं एखादं तरी जोडपं येतं. बहुतेक आमच्याच सांगली-साताऱ्याकडचं. माहेरी आई, काकू, शेजारची अक्का, चुलीवर तापलेला हंडा. इथे दोन माणसं, एक बाळ आणि एक खोली-स्वयंपाकघर. आठवडाभरात दोघं रडकुंडीला येतात, कारण मोबाइलवर वाचून बाळाचं वेळापत्रक लावायला निघालेली असतात.

ते लागत नाही. या वयाच्या बाळाला दिवस-रात्र कळत नाही. ते 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध मागणार, त्यातलं निम्मं रात्री. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जरा ताळ्यावर येतं. तोवर वेळापत्रक लावायचं ते घराचं.

आणि मुंबईत घराचं घड्याळ म्हणजे पाणी. महापालिकेचं पाणी प्रत्येक भागात वेगळ्या वेळी येतं, आमच्याकडे पहाटे. चाळीत असाल तर तेवढ्यात पिंपं भरायची, बिल्डिंगमध्ये असाल तरी सोसायटी टाकीचं पाणी कधी सोडते ते पहिल्याच दिवशी शेजारी विचारून घ्या. पाणी भरणं आणि लंगोट धुणं नवऱ्याकडे. त्याच वेळात कुकर लावून टाका. मग बाळाची मालीश, अंघोळ, दूध. अंघोळीनंतर बाळ गाढ झोपतं, तेव्हा आईनेही झोपायचं. भांडी पडू देत, मुंबईत कोणी तुमची मोरी तपासायला येत नाही. रात्री बाळ उठलं की बापाने उचलून आणून द्यायचं, आईने पाजायचं, पुन्हा बापाने खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा आणि दुपटं बदलायचं. सकाळी लोकल पकडायची असते हे मला मान्य आहे. पण बाईही दिवसभर पलंगावर लोळत नसते.

आता मुख्य गोष्ट. हे मी जिन्यात भेटेल त्या प्रत्येकीला सांगते, तरी दर खेपेला कोणीतरी त्यात सापडतंच.

दीड महिन्याच्या आसपास बाळं संध्याकाळी फार रडतात. दिवेलागणीला सुरू होतं ते जेवणं होईपर्यंत. दूध पाजलं, पाच मिनिटांत पुन्हा तोंड उघडतं. गावाकडे अशा वेळी बाळ चार हातांतून फिरतं, अंगणात जातं. इथे भिंतीला भिंत. वरच्या मजल्यावरचे ऐकतात, समोरची दार उघडून बघते आणि म्हणते, "दूध पुरत नाही वाटतं गं." फोनवर सासूबाईही तेच म्हणतात. रात्री नऊला नवरा खाली मेडिकलमध्ये जातो आणि पावडरचा डबा घेऊन येतो. बाळ बाटलीभर पिऊन झोपतं आणि सगळ्यांना वाटतं, बघा, उपाशीच होतं.

उपाशी नसतं. अंगावरचं दूध जितकं ओढलं जातं तितकं तयार होतं. संध्याकाळी सारखं पिऊन बाळ पुढच्या दिवसांची मागणीच नोंदवत असतं. तुम्ही एक बाटली दिलीत की तेवढी ओढ कमी, तेवढं दूध कमी. दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या. महिनाभरात खरंच दूध पुरेनासं होतं आणि मग डब्यामागून डबा. नव्या संसारात, मुंबईच्या भाड्यात, हा खर्च घरच्या बजेटचं कंबरडं मोडतो. शिवाय बाटल्या उकळा, रात्री उठून पाणी गरम करा. डबा पुरावा म्हणून एक चमचा पावडर कमी घालणारेही मी बघितलेत. त्याने बाळाचं वजन वाढत नाही.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवायचंच नाही, ते लंगोटावरून ठरवायचं. दिवसात सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होतात आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. पहिले काही महिने आठवड्याला साधारण 150 ते 200 ग्रॅम वाढ व्हायला हवी. वजन जवळच्या आरोग्य केंद्रात फुकट करून मिळतं. शेजारीण काय म्हणते ते सोडा, काट्यावर ठेवा. काटा कमी दाखवत असेल तर डॉक्टरकडे जा, आणि त्यांनी वरचं दूध सांगितलं तर निमूट द्या, मापाने द्या, त्यात कसलाही अपराध नाही. आपल्याच देशात 1992 चा कायदा आहे, या डब्यांची जाहिरात करता येत नाही. म्हणून हल्ली जाहिरात शेजारणी करतात.

उलट दूध जास्त येत असेल तर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 पासून मातृदुग्ध पेढी आहे, आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तिथलं दूध मिळतं. दान करता येतं का, विचारून बघा.

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मे महिन्यातही नाही. मध तर वर्षभर नाही. बाळगुटीवरून माझं गावच्या बायकांशी भांडण आहे आणि ते राहू दे. सहाणेवर जायफळ किती वेढे उगाळलं हे कोणाच्याच हातात राहत नाही, त्यामुळे बाळ गुंगलं की "छान झोपलं" म्हणतात.

मालीशवाली ठेवा, बाळापेक्षा तुमच्यासाठी. नाव सोसायटीतल्या बायकांकडून घ्या, पैसे आधी ठरवा, आणि ती बाळाला घेऊन बसली की समोर बसा. नाकात-कानात तेल सोडू द्यायचं नाही, नाकातलं फुप्फुसात जाऊ शकतं. छाती पिळू द्यायची नाही. आणि धुरी बंद. ओवा-शेपा टाकून निखाऱ्याची शेगडी माजघरात चालायची, तिथे वर कौलं होती. इथे सरकत्या खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत तोच धूर बाळाच्या छातीत भरतो. आई गावाहून सोबत आली असेल तर ती यावर रुसेल. रुसू दे.

कुंची, पायमोजे, लोकरीचं दुपटं प्रवासापुरतं. मुंबईच्या दमट हवेत बाळाला घामोळं येतं. सुती झबलं आणि पंखा पुरे. झोपवताना पाठीवर, मोहरीची उशी नको. मच्छरदाणी मात्र बाराही महिने, दिवसाही, पावसाळ्यात मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही असतात. त्याच पावसाळ्यात लंगोट दोन-दोन दिवस सुकत नाहीत. घरात दोरी बांधा, वाटतात त्याच्या दुप्पट लंगोट ठेवा, शेवटी इस्त्री फिरवा. डायपर रात्री आणि बाहेर जाताना.

आपल्या माणसांना रविवारी न सांगता बाळ बघायला यायची खोड आहे. येऊ द्या, पण हात धुऊन, पापा न घेता, सर्दी असेल तर दारातूनच. चहा त्यांनीच करावा. मुंबईचे शेजारी उगाच आत येत नाहीत म्हणून त्यांना तुसडे समजू नका. रात्री दोनला बेल वाजवलीत तर हीच माणसं गाडी काढतात.

जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, 21 दिवसांत फुकट. दाखला तिथूनच आणायचा, मुंबईच्या वॉर्ड ऑफिसात हेलपाटे घालू नका. नाव 12 महिन्यांत विनाशुल्क चढतं.

लसीचं कार्ड मात्र माहेरच्या कपाटात राहता कामा नये. सव्वा महिन्याला तुम्ही येता आणि दीड महिन्याचा डोस लगेच असतो, मग अडीच, मग साडेतीन. गावच्या कार्डावर इथल्या महापालिकेच्या केंद्रात लस मिळते, पैसे लागत नाहीत. ताप येऊ शकतो, डॉक्टरांनी वजनावर सांगितलेलं औषध द्या, टोचलेल्या जागी हळद-बाम काही नको. पण नुकतीच लस टोचलेली नसताना तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, किंवा दूध ओढणं बंद झालं, तर सकाळची वाट बघायची नाही.

दिवसभर रडू येतंय, बाळाकडे बघवत नाही, असं दोन आठवडे राहिलं तर ते नाटक नसतं. 14416 या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलतात.

बाळाला घेऊन लोकलने जायचंच तर अकरा ते चार, लेडीज डब्यात. आणि परळच्या वाडिया या लहान मुलांच्या रुग्णालयात जायचं असेल तर रिक्षा सायनच्या पुढे जात नाही, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. तिथून टॅक्सी करा. आणि तिथे खूप वेळ बसावं लागतं, म्हणून तुमच्यासाठी पाण्याची बाटली आणि बाळाची जास्तीची दोन दुपटी पिशवीत टाका.