करिअर मेळाव्याला मुलांना नेण्याआधी काय तयारी करावी

पहिल्या वर्षी आमच्या हायर सेकंडरीची मुलं ताळगावच्या मेळाव्याहून परतली तेव्हा बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे चकचकीत कागदी पिशव्या. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत पेनांची देवाणघेवाण चालली होती. मी सहज विचारलं, "कोणाशी काय बोललात?" बस गप्प. शेवटी मागच्या सीटवरून एक मुलगा म्हणाला, "टीचर, तेच विचारत होते. आम्ही हो म्हणालो."

त्या 'हो'त सगळं आलं. मुलं मेळाव्यात जातात आणि त्यांनाच प्रश्न विचारले जातात: नाव काय, फोन नंबर काय, टक्के किती. हे उलटं व्हायला हवं. गेली काही वर्षं मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून मुलांना नेते आहे आणि माझी सगळी तयारी आता एकाच गोष्टीभोवती फिरते: मुलाने स्वतःचे तीन प्रश्न घेऊन जायचं आणि तीन उत्तरं घेऊन परत यायचं. पिशवी आणली नाही तरी चालेल.

तीन आठवडे आधी: हा मेळावा नेमका कशाचा?

शैक्षणिक मेळाव्यात कॉलेजं विद्यार्थी शोधत असतात आणि रोजगार मेळाव्यात कंपन्या माणसं शोधत असतात. बारावीच्या मुलाला रोजगार मेळाव्यात सोडलं तर तो दिवसभर "ग्रॅज्युएशन झालं की ये" एवढंच ऐकून येतो. आयोजकांना फोन करून स्टॉलची यादी मागा. नाही दिली तर पुन्हा मागा, बहुतेक वेळा दुसऱ्या फोनला मिळते. यादी मिळाली की वर्गात भिंतीवर लावा आणि दोन दिवस काहीच बोलू नका. मुलं आपसात वाचतात, हसतात, "हे काय असतं?" म्हणतात. ते हसू ऐकून ठेवा, कुठलं काम त्यांनी कधी ऐकलंच नाही ते त्यावरून कळतं.

मग आपल्याच वाड्यावरची माणसं

स्टॉलवरचा माणूस परका असतो, त्याच्याशी बोलायला धीर लागतो. म्हणून आधी ओळखीच्यांवर हात साफ करू द्यावा. प्रत्येक मुलाने वाड्यावरच्या पाच कमावत्या माणसांना दोनच गोष्टी विचारायच्या: हे काम तुम्हाला कसं मिळालं, आणि आता नव्याने लागायचं तर काय शिकावं लागेल?

पहिल्यांदा हा गृहपाठ दिला तेव्हा मी चकित झाले. कोणाची मावशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नर्स, कोणाचा काका वास्कोच्या गोदीत फिटर, एक शेजारी होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रिशियन, दुसरा सहा महिने बोटीवर आणि सहा महिने घरी. एका मुलीने काजूची भट्टी लावणाऱ्या आजोबांनाच विचारलं, आणि त्यांनी तिला हुर्राक आणि फेणी या काजूच्या दारूंच्या हिशेबातून धंदा समजावला. वर्गात हे सगळं फळ्यावर मांडलं की मुलांच्या ध्यानात येतं की 'डॉक्टर-इंजिनियर-सरकारी' या तीन शब्दांपलीकडे त्यांच्याच गावात वीसेक कामं आहेत.

तीन स्टॉल निवडायचे, तिसरा अनोळखी

पहिला स्टॉल मनातला. दुसरा जवळचा, म्हणजे घरून येऊन-जाऊन जमेल असा. तिसरा असा, की ज्याचा विचारच केला नव्हता. तिसऱ्यावर मी अडून बसते. मुलं कुरकुरतात, पण लक्षात राहणाऱ्या गप्पा बहुतेकदा तिथेच होतात. समुद्राशी आपलं नातं मासळीपुरतं असं समजणाऱ्या मुलाला दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काय चालतं हे कळलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

प्रत्येक स्टॉलसाठी घरी बसून दारावरची अट, म्हणजे कुठली प्रवेश परीक्षा लागते ते, शोधायची. ती ऐकायला स्टॉलवर वेळ दवडायचा नाही. वैद्यकीयसाठी नीट, इंजिनियरिंगसाठी जेईई मेन, पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतल्या पदवीसाठी एनसीएचएम जेईई. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनियरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे आजही अनेक पालकांना माहीत नसतं. आयटीआय म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी तिथल्या फिटर किंवा वेल्डरला पास झाल्यावर कुठे अप्रेंटिसशिप मिळते ते विचारावं.

बोटीवर जायचं म्हणणारी दोन-चार मुलं दर वर्षी असतात, आणि गोव्यात ती असायचीच. त्यांना मी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवते. नॉटिकल सायन्ससाठी (जहाज चालवण्याच्या शिक्षणासाठी) बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते हे सगळे सांगतात, पण रंगांधळेपणा असेल तर डेकवरचा रस्ता बंद होतो, हे उशिरा कळतं. ठिपक्यांच्या चित्रांची ती तपासणी पाच मिनिटांची असते. स्वप्न दोन वर्षं पोसून मग मोडण्यापेक्षा ती आधी केलेली बरी.

प्रश्न घडवणं (यावर सर्वात जास्त वेळ घाला)

मुलांचा आवडता प्रश्न: "सर, याला स्कोप आहे का?" या प्रश्नाला आजवर कुठल्याही स्टॉलवर "नाही" असं उत्तर मिळालेलं मी ऐकलेलं नाही. विकायला बसलेला माणूस आपला नारळ नासका म्हणेल कशाला? म्हणून वर्गात मी हा प्रश्न बंद केला आहे. 'स्कोप' शब्द उच्चारला की त्या मुलाने फळा पुसायचा.

ज्याचं उत्तर आकड्यात, तारखेत किंवा घडलेल्या गोष्टीत द्यावं लागेल, तोच प्रश्न कामाचा. कॉलेजच्या स्टॉलवर: मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला? आठवड्यातले किती तास प्रॅक्टिकल? फीमध्ये काय धरलेलं नाही? मधेच सोडून गेलेली मुलं कशामुळे गेली? हा शेवटचा प्रश्न विचारायला मुलं घाबरतात, पण प्रामाणिक प्राध्यापक त्याचं उत्तर मनापासून देतात, आणि जो उडवून लावतो त्याच्याविषयीही काहीतरी कळतंच.

कंपनीच्या स्टॉलवर: पहिल्या महिन्यात हातात किती येतील? सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) नाही, हातात. पीएफचे १२ टक्के मूळ पगारातून कापले जातात आणि मालकाचा हिस्साही अनेकदा सीटीसीत धरलेला असतो, हे मुलांना आकडे मांडून दाखवा. वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांसाठी: पाळ्या कशा, रात्रपाळीला बस कुठून सुटते? आमच्या वाळपईहून सुटत नसेल तर ती नोकरी खोलीभाड्यासकट मोजावी लागते. हॉटेलवाल्यांना: ब्रेक शिफ्ट असते का? सकाळी चार तास, दुपारी सुट्टी, संध्याकाळी पुन्हा चार तास. ऐकायला सोपं, पण दुपारचं घरी जाता येत नाही. आणि नाताळ ते नववर्ष रजा मिळत नाही हे पहिल्या डिसेंबरमध्ये रडत कळण्यापेक्षा आधी कळावं.

सरकारी नोकरीबद्दल मेळाव्यात फार काही मिळत नाही. तरी घरातला आग्रह तिकडेच असतो, म्हणून दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते: पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, आणि जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठीचं असल्यास उत्तम. घरी मराठी पेपर वाचणारी आमची मुलं कोकणी सहज बोलतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

रंगीत तालीम

मेळाव्याच्या चार दिवस आधी बाकं ढकलून वर्गात स्टॉल मांडायचे. बाकांमागे इतर विषयांचे शिक्षक, ऑफिसमधला क्लार्क आणि जमलं तर दोन-तीन माजी विद्यार्थी. त्यांना मुद्दाम वेगवेगळे स्वभाव द्या: एक घाईत असलेला, एक मोबाईलमध्ये डोकं घातलेला, एक अति गोड बोलणारा. मुलाने जायचं, नाव, इयत्ता, कशात रस आहे हे तीन वाक्यांत सांगायचं आणि थेट प्रश्न टाकायचा.

इंग्रजीची भीती इथेच घालवावी लागते. ग्रामीण भागातली हुशार मुलगी इंग्रजी अडखळेल म्हणून स्टॉलला वळसा घालून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला सांगा, पहिलं वाक्य इंग्रजीत पाठ कर आणि मग खुशाल कोकणी-मराठीत ये. गोव्यातल्या स्टॉलवर समजणारं कोणी ना कोणी असतंच.

बायोडेटा फक्त रोजगार मेळाव्याला जाणाऱ्यांनी करायचा, एक पान. धर्म, वडिलांचा पगार, 'हॉबी: लिसनिंग टू म्युझिक' यातलं काहीही नको. सुट्टीत मामाच्या दुकानात हिशेब सांभाळला असेल तर तो मात्र हवा. आधारची झेरॉक्स कोणालाही द्यायची नाही. नुसत्या चौकशीसाठी आधार मागणाऱ्या स्टॉलवरून पुढे सरकायचं. फोन नंबरचंही तसंच. मी एका वर्षी वर्गाच्या वतीने माझा नंबर एका वहीत लिहिला. अजून दर मे महिन्यात मला कोणीतरी एमबीएसाठी अभिनंदन करायला फोन करतं. चौकशीसाठी वेगळा ईमेल काढून देणं हा त्यावरचा उपाय.

मेळाव्याच्या दिवशी

लवकर पोचा. सकाळी स्टॉलवर अनुभवी माणसं असतात, गर्दी कमी असते आणि घसे शाबूत असतात. जेवणानंतर नवशिक्यांना बसवून वरिष्ठ गायब होतात. म्हणजे वाळपईची बस साडेसातलाच सुटली पाहिजे, आणि कोणाच्या तरी बाबांना आदल्या रात्री पुन्हा आठवण करावी लागते.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं काहीही न घेता नुसती एक फेरी. मग आधी कमी महत्त्वाच्या स्टॉलवर जाऊन जीभ मोकळी करायची आणि मनातला स्टॉल दुसरा घ्यायचा. दोघादोघांनी जायचं. आठ जणांचा घोळका गेला की एकटाच बोलतो आणि सात जण पिशव्या घेतात. बोलणं संपलं की बाजूला होऊन लगेच वहीत लिहायचं: कोण बोललं, काय सांगितलं, पुढे कोणाला विचारायचं. "नंतर लिहू" म्हटलेलं पुढच्या स्टॉलवर जाईपर्यंत उडून जातं.

पालक सोबत येणार असतील तर त्यांच्याशी आधी बोला. बाबा प्रश्न विचारतात आणि मुलगा पिशवी धरून उभा राहतो, असं दृश्य प्रत्येक मेळाव्यात दिसतं. त्यांची काळजीही खोटी नसते. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा आमच्या भागात दारात उभ्या ट्रकांचे हप्ते फेडताना घरं मेटाकुटीला आली. २०१८ साली पुन्हा तेच. त्या घरातला बाप 'पक्की नोकरी' म्हणतो तेव्हा त्याला हसू नये. फक्त त्याला दोन पावलं मागे उभं राहायला सांगावं, आणि पैशांचा प्रश्न त्याच्यासाठी राखून ठेवावा.

पैसे मागितले तर

त्या दिवशी कोणालाही एक रुपया द्यायचा नाही. "आजच सीट बुक केली तर सवलत" म्हणणाऱ्याला सीट भरायची घाई आहे, एवढाच त्याचा अर्थ. कॉलेजला एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता आहे का, विद्यापीठ यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत तर नाही ना, हे घरी येऊन संकेतस्थळावर बघता येतं.

२०२३च्या जानेवारीत मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागल्यापासून 'एअरपोर्ट मॅनेजमेंट'चे कोर्स पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखे उगवले आहेत. त्यात चांगलेही असतील. विचारायचं एवढंच, की प्रमाणपत्र कोण देतं आणि मागच्या बॅचमधलं कोण आज नोकरीला आहे, त्याच्याशी बोलता येईल का.

परदेशातली नोकरी लावून देणाऱ्या एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. बोटीवरच्या नोकरीसाठी एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना हवा, आणि भरतीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला तिला मुभाच नाही. "लाख-दोन लाख द्यावेच लागतात, सगळेच देतात" हे वाक्य ऐकलं की तिथून निघायचं.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्याच दिवशी दोन तासिका राखून ठेवा, आठवडा गेला की सगळं थंड होतं. प्रत्येकाने आपले तीन प्रश्न आणि मिळालेली उत्तरं वाचायची. दोन मुलांना एकाच स्टॉलवर वेगळी उत्तरं मिळालेली असतात. तो फरक फळ्यावर लिहायचा आणि खरं काय ते शोधायचं काम त्या दोघांवर सोपवायचं. फीचा आकडा बघून गप्प झालेल्या मुलाला बाजूला घेऊन गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या व्याजमुक्त शैक्षणिक कर्जाबद्दल सांगा. भर वर्गात नको.

मग ज्याला एखाद्या स्टॉलवर खरंच रस वाटला त्याने तिथल्या माणसाला चार ओळींचा ईमेल लिहायचा: मी कोण, काय बोललो, अजून एक प्रश्न, आणि जागा बघायला येऊ का? बरेच जण उत्तर देत नाहीत. गेल्या वर्षी एका वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरने दिलं, "शनिवारी सकाळी या, मशीन चालू असतात." चौघी मुली गेल्या. सोमवारी त्यातली एक हाताला ग्रीसचा डाग तसाच ठेवून वर्गात आली आणि म्हणाली, "टीचर, त्यांनी लेथ लावायला दिलं."

पिशव्या स्टाफरूममध्ये आहेत. परीक्षेचे पेपर भरून ठेवायला बऱ्या पडतात.