किकसाठी बेसला बाजूला सारणारं साइडचेन

किक (ड्रमचा खोल ठोका) आणि बेस (खालचे सूर वाजवणारं वाद्य) एकदम वाजले की साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोघांची टक्कर होते आणि किकचा ठोका बोथट ऐकू येतो. उपाय असा: कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) बेसच्या ट्रॅकवर लावा, पण त्याच्या साइडचेन इनपुटला (कधी दाबायचं हे ज्या आवाजावरून ठरतं, तो देण्याची जागा) किक द्या. म्हणजे तो ऐकतो किकला आणि दाबतो बेसला.

रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ ते ५ मिलिसेकंद. थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून दाबणं सुरू होतं ती) खाली आणत जा. प्रत्येक ठोक्याला मीटरवर ३ ते ६ डेसिबल घट दिसली की थांबा. खरी कसोटी रिलीजची, म्हणजे दाब सुटायला लागणाऱ्या वेळेची. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंद असतात, बेस त्याआत सावरायला हवा. १०० ते २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. रिलीज लांबला तर बेस कायम दबलेला राहतो. फारच आखूड केला तर खालचे सूर खरखरतात, कारण कॉम्प्रेसर लहरीच्या प्रत्येक आवर्तनामागे धावू लागतो.

मीटर हलतच नसेल तर किकचा सेंड (किकचा आवाज साइडचेनकडे पाठवणारी वाट) तपासा. पोस्ट-फेडर सेंड (आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे फेडरच्या, नंतर निघणारा) असेल आणि फेडर खाली असेल तर काहीच पोहोचत नाही. किक नसतानाही बेस दबतोय? मग एक्स्टर्नल साइडचेन (बाहेरचा आवाज ऐकण्याची सोय) सुरूच नाही.

निवेदनाखालच्या संगीतालाही, किकच्या जागी निवेदन देऊन, हीच जोडणी चालते, फक्त रिलीज ५०० मिलिसेकंदांच्या पुढे न्या. नाहीतर दोन शब्दांमधल्या फटीत संगीत उसळून वर येतं.