आयसोमर गुणोत्तरावरून स्पिन काढताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियम-252 च्या केंद्रकाचा स्पिन, म्हणजे स्वतःचा कोनीय संवेग, शून्य. ते आपोआप फुटते (हेच विखंडन) आणि दोन्ही तुकडे मात्र साधारण 6 ते 8 एच-बार (स्पिनचे एकक) इतका कोनीय संवेग घेऊन गरगरत बाहेर पडतात. हा संवेग थेट मोजायची सोय नाही. म्हणून 1960 मध्ये हुइझेंगा आणि वांडेनबॉश या शास्त्रज्ञांनी मांडलेली युक्ती आजही चालते: एकाच केंद्रकाच्या जास्त स्पिनची आणि कमी स्पिनची अशा दोन टिकाऊ अवस्था (सर्वात कमी ऊर्जेची ती मूळ अवस्था, वरची ती आयसोमर) किती-किती तयार झाल्या ते मोजा, आणि सांख्यिकी मॉडेल, म्हणजे तुकडा न्यूट्रॉन व गॅमा सोडत शांत होतो त्याचे गणित, उलटे चालवून तुकड्याचा सुरुवातीचा स्पिन काढा. कागदावर सोपे दिसते. घोटाळे बहुतेक वेळा मोजणी आणि मॉडेल यांच्या सांध्यावर होतात.

सर्वात बाळबोध चूक 'एम' या अक्षराची. केंद्रकाच्या नावापुढे आयसोमरची खूण म्हणून एम दिसला की जास्त स्पिनची अवस्था, असे धरून चालणारे बरेच आहेत. झेनॉन-135 मध्ये ते खरे आहे: आयसोमर 11/2, मूळ अवस्था 3/2. पण सेलेनियम-83 मध्ये मूळ अवस्थाच 9/2 आहे आणि आयसोमर 1/2. नायोबियम-99 चेही तसेच. त्यामुळे गुणोत्तर 'एम भागिले जी' (आयसोमर भागिले मूळ अवस्था) असे लिहू नका. 'जास्त स्पिन भागिले एकूण' असे लिहा आणि ते तक्त्याच्या मथळ्यातच स्पष्ट करा.

उशिरा मोजलेले गुणोत्तर

सर्वाधिक नुकसान इथे होते. झेनॉन-135 चा आयसोमर 15.3 मिनिटांच्या अर्धायुष्याचा आणि 527 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची ठसठशीत गॅमा रेषा देणारा, म्हणून सगळ्यांना मोहात पाडतो. पण आयोडीन-135 विखंडनात कितीतरी जास्त तयार होते, त्याचे अर्धायुष्य साडेसहा तासांचे, आणि त्याच्या बीटा क्षयातला सुमारे सहावा हिस्सा याच आयसोमरमधून जातो. नमुना तासभर ठेवलात तर थेट जन्मलेल्या आयसोमरचा सोळावा भाग उरतो आणि त्या गॅमा रेषेच्या शिखरात दिसते ते बहुतांशी आयोडीनचे देणे असते. मग गुणोत्तर विखंडनाविषयी न बोलता आयोडीनच्या बीटा क्षयाविषयी बोलू लागते!

उपाय म्हणजे लवकर रासायनिक विलगीकरण (झेनॉनपासून आयोडीन वेगळे काढणे), विलगीकरणाच्या क्षणाची नेमकी नोंद, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या मोजण्यांची एकत्र जुळणी. त्या जुळणीत आयसोमर स्वतः मूळ अवस्थेत उतरतो ते पदही हवे. घाईत तेच राहून जाते.

अँटिमनी-132 मध्ये वेगळीच अडचण. दोन्ही अवस्था टेलुरियम-132 मध्ये उतरतात आणि 974 व 697 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा रेषा दोघींच्याही असतात. अर्धायुष्ये 2.8 आणि 4.1 मिनिटे, म्हणजे क्षयवक्रावरूनही फोड करणे कठीण. फिनलंडमधल्या युव्हस्कुलाला पेनिंग सापळ्यात (विद्युत व चुंबकीय क्षेत्रांनी आयन धरून ठेवणारे यंत्र) दोन्ही अवस्था वस्तुमानावरूनच वेगळ्या काढतात. ती सोय नसेल तर फक्त एकाच अवस्थेच्या रेषा शोधा, भले त्या दुबळ्या असोत.

कोणता आकडा सांगताय?

एका शोधनिबंधात 5, दुसऱ्यात 7, आणि लगेच 'विसंगती' जाहीर. जरा थांबा. स्पिनचे वितरण काही जण असे लिहितात की घातांकात स्पिनच्या वर्गाखाली, छेदात, बी-वर्ग येतो, काही जण त्याच जागी सिग्मा-वर्गाची दुप्पट लिहितात. बी म्हणजे सिग्माच्या 1.41 पट. सिग्मा 5 असेल तर बी 7.1, म्हणजे दोघेही तेच सांगत आहेत. शिवाय वर्गमध्यमूळ आणि सरासरी एक नव्हेत. सरासरी बी च्या 0.89 पट भरते. हे सूत्रासकट लिहिले नाही तर वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

आलेले उत्तर पडताळायला माहितीसंचातल्या आकड्याशी तुलना करताना त्या आकड्याचे मूळ बघा. जिथे मोजणी नव्हती तिथे मूल्यांकित (तज्ज्ञांनी तपासून संकलित केलेल्या) संचांमध्ये आयसोमरची विभागणी अनेकदा मॅडलंड आणि इंग्लंड यांच्या 1977 च्या मॉडेलने भरलेली असते. तुमचे मॉडेल त्याच घराण्यातले असेल तर ते जुळले याचे कौतुक कसले?

केंद्रक निवडतानाही भान हवे. रुबिडियम-90 च्या अवस्था 0 आणि 3 स्पिनच्या. सुरुवातीचा स्पिन 5 असो वा 8, बहुतेक केंद्रके 3 कडेच झुकतात आणि गुणोत्तर फारसे हलत नाही. दोन अवस्थांची विभाजनरेषा अपेक्षित स्पिनच्या आसपास असेल तिथेच मोजणीला धार येते.

न्यूट्रॉनचा हिशेबही टाळता येत नाही. मोजतो ते उत्पादन न्यूट्रॉन बाहेर पडल्यानंतरचे. ते फारसा संवेग नेत नाहीत, असे पूर्वी सर्रास धरत. अलीकडची गणिते तितकी निश्चिंत नाहीत. उत्तेजन ऊर्जा आणि मॉडेलमधल्या ऊर्जापातळ्यांच्या घनतेतील सिग्माची (वरच्या वितरणातला सिग्मा नव्हे) किंमत थोडी वरखाली करून उत्तर किती सरकते ते पाहा आणि तो फरक त्रुटीत धरा. फक्त मोजणीची त्रुटी छापलेला स्पिन मी तरी गांभीर्याने घेत नाही.

2021 मध्ये विल्सन आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या ऑर्से येथील प्रयोगातून दाखवले की एकाच विखंडनातल्या दोन जोडीदार तुकड्यांच्या स्पिनमध्ये लक्षणीय परस्परसंबंध दिसत नाही. त्यावरून संवेग तुकडे सुटल्यावर तयार होतो असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि सिद्धांतकारांत वाद पेटला. आयसोमर गुणोत्तर एकाच तुकड्याची गोष्ट सांगते. त्यामुळे आपल्या एका गुणोत्तरावरून त्या वादात कुठल्याच बाजूने साक्ष देऊ नका.